खूण चुकली की अर्थ चुकतो : मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांतील मार्कअपची दुरुस्ती

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हटले की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रोग्राम लिहिणारा तंत्रज्ञ उभा राहतो. परंतु प्रोग्राम कितीही चांगला असला, तरी तो कसा बसवावा, कसा चालवावा आणि अडले तर काय करावे हे सांगणारी माहितीपुस्तिका सोबत नसेल तर तो बहुतेकांच्या उपयोगाचा राहत नाही. मुंबई-पुण्यात शंका विचारायला अनुभवी सहकारी शेजारच्या टेबलावर भेटतो. मुंबईपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर अंतरावर असलेल्या जळगावात किंवा धुळे, शिरपूर, अमळनेरसारख्या गावांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय सहसा नसते. त्याच्यासाठी माहितीपुस्तिका हीच शिक्षक असते. त्यामुळे पुस्तिकेतील चूक ही शिक्षकानेच चुकीचे शिकवण्यासारखी ठरते.

अशा चुका दोन प्रकारच्या असतात. एक मजकुराची, म्हणजे सांगितलेली गोष्टच चुकीची असणे. दुसरी खुणांची, म्हणजे गोष्ट बरोबर असूनही तिच्याभोवतीच्या मार्कअपच्या खुणा चुकल्यामुळे ती वाचकापर्यंत वेगळ्याच रूपात पोहोचणे. या दुसऱ्या प्रकाराकडे केवळ सजावटीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात तो अर्थाचा प्रश्न आहे.

खुणा म्हणजे काय?

मार्कअप हा शब्द छापखान्यातून आलेला आहे. हस्तलिखित जुळाऱ्याकडे देण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात सूचना लिहीत असे : हे शीर्षक मोठ्या टाइपात घ्या, हा शब्द तिरपा ठेवा, येथे नवा परिच्छेद सुरू करा. या सूचना मजकुराचा भाग नसत, त्या मजकुराविषयी असत. जुळारी त्या वाचून पाळत असे आणि छापून आलेल्या पानावर त्या दिसत नसत.

खानदेशाला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ स्थापन झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या २२ खंडांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जुन्या मोडी पत्रांत शब्द तोडून लिहिण्याची किंवा विरामचिन्हे देण्याची पद्धत नव्हती. असे पत्र छापताना शब्द कोठे तोडला, कोणते अक्षर फाटलेल्या जागी अंदाजाने भरले, कोणता शब्द मुळातला आणि कोणता संपादकाचा, हे वाचकाला स्पष्ट कळणे आवश्यक असते. संपादकाचा कंस चुकून मूळ पत्राचा भाग समजला गेला तर पुराव्यालाच बाध येतो. मजकूर आणि मजकुराविषयीची सूचना यांतील सीमारेषा अभंग ठेवणे, हेच संगणकावरील मार्कअपचेही तत्त्व आहे. फरक इतकाच की येथे सूचना वाचणारा जुळारी माणूस नसून यंत्र असते. माणूस संपादकाचा हेतू ओळखून चूक सुधारून घेतो, यंत्र लिहिले असेल तेवढेच पाळते.

खुणांच्या भाषा

युनिक्स प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख धारण करते. या परंपरेतील 'मॅन' पाने ट्रॉफ व त्याच्या कुळातील खुणांत लिहिली जातात. ओळीच्या आरंभी टिंब देऊन लिहिलेली दोन-तीन अक्षरे म्हणजे येथील सूचना असते. लिनक्सवर आज ही पाने दाखवण्याचे काम बहुधा ग्रॉफ हा मुक्त प्रोग्राम करतो.

दुसरा प्रवाह एसजीएमएल या भाषेचा. तिला १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि तिच्यातूनच पुढे एचटीएमएल व एक्सएमएल या भाषा निघाल्या. तांत्रिक पुस्तकांसाठी १९९१ मध्ये सुरू झालेली डॉकबुक ही याच घराण्यातली. तिच्यात शब्द ठळक करा असे सांगत नाहीत, तर ही आज्ञा आहे, हे फाईलचे नाव आहे, हा इशारा आहे, असे सांगतात. कसे दाखवायचे ते नंतर ठरते. शिस्त मोठी, पण लिहिण्याचे कष्टही मोठे. एक कोनी कंस बंद करायचा राहिला तर संपूर्ण पुस्तकाची बांधणी थांबते.

या कष्टांना कंटाळून हलक्या खुणांच्या भाषा पुढे आल्या. २००२ च्या सुमारास आस्कीडॉक व रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट आणि २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांची मार्कडाउन. साध्या टपालात आपण शब्दावर भर देण्यासाठी दोन्ही बाजूंना फुल्या देतो, त्याच सवयीला येथे नियमाचे रूप दिले आहे. पायथॉन या भाषेची अधिकृत माहितीपुस्तिका पूर्वी लाटेकमध्ये होती. २००७ मध्ये ती रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये आणली गेली आणि त्यासाठी तयार झालेले स्फिंक्स हे साधन पुढे असंख्य प्रकल्पांनी स्वीकारले. लिनक्सच्या गाभ्याच्या दस्तऐवजांनीही २०१६ पासून डॉकबुककडून स्फिंक्सकडे वाटचाल केली.

अशा प्रत्येक स्थलांतराच्या वेळी हजारो खुणा यंत्राने बदलल्या जातात आणि त्यांतील काही चुकतात. सामान सुखरूप पोहोचले तरी काही काचा फुटायच्याच. त्या वेचून काढण्याचे काम स्थलांतर होऊन गेल्यावर अनेक वर्षे चालू राहते.

खूण चुकते तेव्हा काय घडते?

खुणांच्या चुकांत काही निरुपद्रवी असतात. यादीतील एक ओळ थोडी आत सरकली, तर वाचक ती समजून घेतो. काही चुका मात्र आज्ञेचाच अर्थ बदलतात.

पहिले उदाहरण आडव्या रेघेचे. आज्ञेला पर्याय देताना तिच्यापुढे आडवी रेघ देतात. ट्रॉफच्या नियमानुसार नुसती टाइप केलेली आडवी रेघ म्हणजे शब्द जोडणारे संयोगचिन्ह. आज्ञेतील रेघ हवी असेल तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. अनेक लेखकांनी हा भेद पाळला नाही, कारण जुन्या पडद्यांवर दोन्ही सारखीच दिसत. युनिकोड आल्यानंतर त्या दोन वेगळ्या चिन्हांत रूपांतरित होऊ लागल्या. डोळ्यांना फरक जवळजवळ दिसत नाही, पण पानावरून आज्ञा उचलून चालवली की संगणक ती ओळखत नाही, आणि पानात तो पर्याय शोधला तर सापडत नाही. जुलै २०२३ मध्ये ग्रॉफची १.२३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. नियम पाळावा, की चुकलेली असंख्य पाने दुरुस्त होईपर्यंत वाचकाची सोय पाहावी? डेबियन प्रकल्पाने आपल्या वापरकर्त्यांसाठी दोन्ही ठिकाणी साधी रेघ दाखवण्याची सोय कायम ठेवली. परंतु खरा उपाय पानापानातील खूण सुधारणे हाच आहे.

दुसरे उदाहरण दुहेरी रेघेचे. स्फिंक्समध्ये दोन आडव्या रेघा साध्या वाक्यात लिहिल्या तर छपाईच्या सौंदर्यासाठी त्यांची एक लांब रेघ केली जाते. दोन रेघांनी सुरू होणारा पर्याय 'हे जसेच्या तसे दाखवा' अशी खूण न करता लिहिला, तर वाचकाला भलताच पर्याय दिसतो. शब्दसंस्कारकातून चिकटवलेल्या वळणदार अवतरणचिन्हांचीही हीच गत. छापील पानावर ती शोभतात, आज्ञेत मात्र चालत नाहीत.

तिसरे उदाहरण नाहीशा होणाऱ्या शब्दाचे. येथे आपल्या फाईलचे नाव लिहा, हे सुचवण्यासाठी तो इंग्रजी शब्द कोनी कंसात लिहिण्याची प्रथा आहे. मार्कडाउनमध्ये तो जसाच्या तसा टाकला की ब्राउझरला ती एचटीएमएलची एखादी अनोळखी खूण वाटते आणि तो काहीच दाखवत नाही. वाचकापुढे अर्धवट आज्ञा राहते. त्याचप्रमाणे पायथॉनमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असलेली नावे असतात. मार्कडाउन त्या अधोरेषांना ठळक करण्याची सूचना समजते. मग अधोरेषा गळून पडतात आणि उरलेले नाव ठळक दिसते. नवशिक्या विद्यार्थी ते तसेच उतरवून घेतो, प्रोग्राम चालत नाही आणि दोष स्वतःकडे घेतो. येथेच या चुकांची खरी हानी आहे. जाणकाराला खूण चुकल्याचे कळते, ज्याला पुस्तिकेची सर्वाधिक गरज आहे त्याला ते कळत नाही.

शीर्षकांचाही प्रश्न असाच आहे. घाईत लिहिणारे ओळ नुसती ठळक करून तिला शीर्षकाचे रूप देतात. पाहणाऱ्याला ते शीर्षक वाटते. परंतु एनव्हीडीएसारखा पडदावाचक वापरणारे अंध वाचक एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेत पान वाचतात, त्यांच्यासाठी ते शीर्षक अस्तित्वातच नसते. लांबलचक पान त्यांना पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते.

देवनागरीच्या खास अडचणी

हलक्या खुणांचे नियम प्रामुख्याने इंग्रजी लेखन डोळ्यांपुढे ठेवून घडले. मराठीत माहितीपुस्तिका लिहिताना किंवा अनुवादित करताना त्यामुळे काही विशेष अडचणी उद्भवतात.

सर्वांत मोठी अडचण विभक्तिप्रत्ययांची. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय वेगळे लिहितात, मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. एखाद्या आज्ञेच्या नावाला खूण केली आणि लगेच 'ने', 'ला' किंवा 'मध्ये' जोडले, तर रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टला खुणेचा शेवट ओळखता येत नाही, कारण शेवटच्या खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असावे असा तिचा नियम आहे. परिणामी खुणा जशाच्या तशा पानावर उमटतात. उपाय आहे : खूण संपल्यावर उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे एक मोकळी जागा द्यावी. छापताना ती जागा दिसत नाही आणि प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो. मार्कडाउनमध्ये भर देण्यासाठी अधोरेषा वापरली आणि पुढे प्रत्यय जोडला तरी असेच घडते, तेथे अधोरेषेऐवजी फुली वापरावी. प्रत्यय तोडून वेगळा लिहिण्याची पळवाट अनेक जण काढतात. खुणा त्यामुळे शाबूत राहतात, पण मराठी बिघडते.

दुसरी अडचण शीर्षकाच्या रेघेची. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये शीर्षकाखाली निदान शीर्षकाइतकी लांब रेघ द्यावी लागते. ही लांबी यंत्र डोळ्यांनी मोजत नाही, साठवलेल्या वर्णांनी मोजते आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार स्वतंत्र धरले जातात. 'धुळे' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण उकार व मात्रा धरून तो चार वर्णांचा भरतो. 'खानदेश' चार अक्षरांचा दिसतो आणि सहा भरतो. 'धुळे' या शीर्षकाखाली बरोबरीची दोनच चिन्हे दिली तर ती ओळ शीर्षक न मानता साधा मजकूर मानली जाते आणि तो विभाग अनुक्रमणिकेतून गळतो. रेघ भरपूर लांब द्यावी, हा यावरचा सोपा उपाय. लांब रेघेला नियमाची आडकाठी नाही.

तिसरी अडचण अंकांची. मार्कडाउनमध्ये क्रमवार यादी इंग्रजी अंक आणि त्यानंतरचे टिंब यांवरून ओळखली जाते. १, २, ३ असे देवनागरी अंक लिहिले तर यंत्राला ती यादी वाटत नाही, सर्व पायऱ्या एकाच परिच्छेदात एकापुढे एक जोडल्या जातात. मूळ लेखनात इंग्रजी अंक ठेवून पानाच्या शैलीत देवनागरी क्रमांक दाखवण्याची सूचना देणे, हा बरोबर मार्ग. आकडे कसे दिसावेत हा रूपाचा प्रश्न आहे आणि ही क्रमवार यादी आहे हा अर्थाचा. दोन्ही वेगळे ठेवले की दोन्ही साधतात.

याखेरीज मराठी टंकलेखनाच्या काही जुन्या सवयी आहेत. 'दुःख' या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टाइप करणे, ही त्यांपैकी एक. पाहताना फरक जाणवत नाही, पण अपूर्णविराम ही अनेक मार्कअप भाषांत विशेष अर्थाची खूण आहे, शिवाय शोध घेताना दोन्ही रूपे जुळत नाहीत. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्याला' यांतील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक प्रकार ऱ या स्वतंत्र वर्णाचा, दुसरा साध्या र-नंतर न दिसणारा जोडवर्ण घालण्याचा. दिसायला सारखे, यंत्राला निराळे. एकाच पुस्तिकेत दोन्ही आले तर शोध अर्धवट उत्तरे देतो. म्हणून प्रकल्पाने एक पद्धत ठरवून ती सर्वत्र पाळणे आवश्यक असते.

दुरुस्तीची रीत

दुरुस्तीची सुरुवात वाचनाने होते. तयार झालेले पान एका बाजूला आणि त्यामागचा कच्चा मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून वाचले की बहुतेक चुका हाती लागतात. पानावर सुटी फुली, एकटे उलटे अवतरणचिन्ह किंवा अकारण तिरपा झालेला परिच्छेद दिसला की मागे खूण चुकलेली असते.

पुढची पायरी यंत्राच्या तपासणीची. स्फिंक्सने पुस्तिका बांधताना ते अनेक इशारे देते : शीर्षकाखालची रेघ अपुरी आहे, येथे अनपेक्षितपणे ओळ आत सरकली आहे, खूण उघडली पण बंद केली नाही. प्रत्येक इशाऱ्यासोबत फाईलचे नाव व ओळीचा क्रमांक असतो. डेबियनमधील लिंटियन हे साधन मॅन पानांतील दोष दाखवते. अनुवादाच्या फायलींसाठी गेटटेक्स्ट या साधनसंचात तपासणीची सोय आहे. यंत्राला मात्र व्याकरण कळते, हेतू कळत नाही. फाईलच्या नावाला आज्ञेची खूण केली असेल तर त्याची तक्रार नसते. ते माणसालाच पाहावे लागते.

या कामातील चिकाटीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एरिक रेमंड यांनी ट्रॉफमधील जुनी पाने डॉकबुकमध्ये नेणारे डॉकलिफ्टर हे साधन लिहिले. साधनाला न उलगडणाऱ्या पानांत बहुतेकदा मूळ खुणाच बिघडलेल्या निघत. त्या दुरुस्त करून त्यांनी संबंधित प्रकल्पांकडे पाठवल्या. एका साधनाच्या निमित्ताने अनेक प्रकल्पांच्या पुस्तिका सुधारल्या.

दुरुस्ती पाठवताना काही पथ्ये पाळली जातात. एका वेळी एकाच प्रकारचा बदल करावा. खूण सुधारताना मजकुरात हात घालू नये, कारण तपासणाऱ्याला दोन्ही वेगवेगळे पारखायचे असतात. संपूर्ण परिच्छेदाच्या ओळी नव्याने मोडू नयेत, कारण एका चिन्हाचा बदल त्यामुळे वीस ओळींचा दिसतो. पान पुन्हा बांधून निकाल पाहिल्याशिवाय काहीही पाठवू नये. सोबतच्या टिपेत काय बदलले यापेक्षा वाचकाला काय चुकीचे दिसत होते, हे लिहावे. आणि प्रकल्पाची लेखनशैलीची नियमावली असेल तर ती आधी वाचावी.

अनुवादकावर पडणारा भार

खुणांच्या दुरुस्तीला एक दुसरी बाजू आहे आणि तिचा विचार मराठीच्या संदर्भात विशेष केला पाहिजे. अनेक पुस्तिकांचा अनुवाद गेटटेक्स्टच्या फायलींतून होतो. इंग्रजी परिच्छेद आणि त्याखाली त्याचा अनुवाद, अशी तिची रचना असते. मूळ इंग्रजी परिच्छेदात एक खूण जरी बदलली, तरी फाईल अद्ययावत करताना तो परिच्छेद बदलला असे यंत्र समजते आणि जुन्या अनुवादावर 'संदिग्ध' असा शिक्का मारते. संदिग्ध अनुवाद बांधणीत घेतला जात नाही, त्या जागी मूळ इंग्रजी दिसते. अनुवादक तो पुन्हा तपासून मान्य करीपर्यंत मराठी वाचकाला इंग्रजी ओळच वाचावी लागते.

मोठ्या भाषांच्या चमूंना हा भार पेलतो. मराठीसारख्या भाषेत मोजक्या स्वयंसेवकांवर काम चालते, तेथे इंग्रजी पुस्तिकेतील पाचशे ठिकाणच्या अनावश्यक सजावटीच्या दुरुस्तीमुळे पाचशे मराठी परिच्छेद बाद होऊ शकतात. म्हणून अर्थ बदलणारी चूक तत्काळ सुधारावी आणि केवळ रूप बदलणारी दुरुस्ती अनुवादाची फेरी सुरू होण्यापूर्वी एकत्रित करावी, असा विवेक आवश्यक ठरतो.

अनुवादकाकडूनही खुणा बिघडतात. तो खुणेच्या आतील इंग्रजी नावाचेच भाषांतर करून बसतो किंवा बंद करणारी खूण वगळतो. इंग्रजीत क्रियापद आधी येते, मराठीत शेवटी. वाक्य उलटल्यावर खुणा आणि राखीव जागाही नव्या क्रमाने ठेवाव्या लागतात. त्यासाठी राखीव जागांना क्रमांक देण्याची सोय आहे. ती माहीत नसली की अनुवादक इंग्रजी क्रम राखण्यासाठी मराठी वाक्य वाकवतो.

उथळ दुरुस्त्यांचा पूर

खुणांची दुरुस्ती हे मुक्त सॉफ्टवेअरमधील सहभागाचे सर्वांत सोपे प्रवेशद्वार मानले जाते. प्रोग्राम लिहिता येत नसला तरी चालते, स्वतःचा शक्तिशाली संगणक नसला तरी चालते. लक्षपूर्वक वाचता येणे एवढीच अट आहे. परंतु द्वार सोपे असले की गर्दीही होते. दर ऑक्टोबरात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली चार बदल पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देण्याची योजना होती. त्या हव्यासापोटी असंख्य प्रकल्पांच्या परिचयपानांत एखादे विशेषण जोडणे, अकारण मोकळ्या जागा बदलणे अशा निरर्थक दुरुस्त्यांचा पूर आला. सांभाळकर्त्यांचा वेळ त्या नाकारण्यात गेला. संयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला.

यातील धडा विद्यार्थ्यांइतकाच महाविद्यालयांसाठी आहे. पाठवलेल्या बदलांची संख्या मोजली तर उथळ बदलच मिळतील. एका विद्यार्थ्याने एक पुस्तिका पहिल्या पानापासून स्वतः वापरून पाहिली, जेथे अडला तेथे कारण शोधले आणि ते खुणेत सापडल्यावर दुरुस्त केले, तर ती एकच दुरुस्ती शंभरांहून मोलाची ठरते. अडलेला नवखा वाचकच अशा चुका शोधू शकतो. जाणकार त्या न अडखळता ओलांडून जातो.

खानदेशासाठी संधी

आज जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे कार्यक्षेत्रात असलेले आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. जळगाव, धुळे, शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पात लिनक्स, लाटेक, पायथॉन अशा विषयांचे पाठ मराठीतही उपलब्ध झालेले आहेत. साधने शिकण्यासाठी म्हणून मोठ्या शहरात जाण्याची गरज राहिलेली नाही.

हे कौशल्य केवळ सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांपुरते मर्यादित नाही. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात छापील पुस्तकांची पाने चित्ररूपाने चढवून त्यांचा मजकूर खुणांसह उतरवला जातो. पान न तपासलेले असेल तर लाल, एकदा तपासले की पिवळे आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासून प्रमाणित केले की हिरवे, असा क्रम असतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे १९५० मध्ये निधन झाले. भारतीय कायद्यातील साठ वर्षांची मुदत धरता त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले आहे. अशी पुस्तके उतरवताना तेच ज्ञान लागते, जे पुस्तिका दुरुस्त करताना लागते.

तेथेही देवनागरीचे खास प्रश्न आहेत. कवितेतील दंडाऐवजी कळफलकावरील उभी रेघ टाइप करण्याची सवय सार्वत्रिक आहे. विकीच्या मार्कअपमध्ये उभी रेघ ही साच्यातील व तक्त्यातील रकाने वेगळे करणारी खूण आहे. साच्यात टाकलेल्या ओवीत अशी रेघ आली की तिच्यापुढचा चरण निराळा घटक समजला जातो आणि पानावरून नाहीसाही होऊ शकतो. ओळीच्या आरंभी पडलेली एक मोकळी जागाही त्या ओळीला चौकटीत बसवते. युनिकोडमधील खरा दंड वापरला आणि पद्यासाठी असलेली खूण दिली की दोन्ही दोष टळतात.

अहिराणीचा प्रश्न याहून मूलभूत आहे. मार्कअपमध्ये मजकुराची भाषा सांगणारी खूण देता येते आणि भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत मराठीप्रमाणेच अहिराणीलाही स्वतंत्र तीन अक्षरी संकेत आहे. तरीही मराठी लेखनात आलेल्या अहिराणी ओळींना वेगळी खूण क्वचितच दिली जाते. खूण नसली की शुद्धलेखन-तपासनीस त्या ओळींखाली लाल रेघा ओढतो आणि उत्साही दुरुस्तीकार त्यांना मराठीच्या चुका समजून 'सुधारून' टाकतो. राजवाड्यांच्या गावाला हा धोका समजावून सांगण्याची गरज नसावी. मुळात असलेले रूप आणि संपादकाने दिलेले रूप यांची गल्लत झाली की मूळ कायमचे हरवते. भाषेची एक छोटी खूण ते वाचवू शकते.

समारोप

खुणांची दुरुस्ती करणाऱ्याचे नाव बदलांच्या इतिहासात एका ओळीपुरते नोंदले जाते, वाचकाला ते कधी दिसत नाही. बरोबर दिलेली खूण पानावर उमटतच नाही, त्यामुळे तिचे श्रेयही दिसत नाही. जुन्या छापखान्यातील मुद्रितशोधकाचे काम असेच होते. परंतु रात्री प्रयोगशाळा बंद झाल्यावर घरी एकट्याने पुस्तिका उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला पहिली आज्ञा पहिल्याच प्रयत्नात चालली, तर त्यामागे कोणीतरी आधी अडखळून सुधारलेली एक आडवी रेघ असू शकते. ती रेघ सुधारण्यासाठी लागणारे लक्ष, सबुरी आणि मूळ मजकुराविषयीचा आदर या गोष्टी कोणत्याही एका शहराच्या मालकीच्या नाहीत. जळगाव-धुळ्यातील वाचकाला चुकीची खूण जितकी अडवते, तितकीच ती दुरुस्त करण्याची पात्रताही त्याला देते.